अनंताच्या गळावरचं गांडूळ

अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावात वसंत पिवळा होऊन येतो. पाइनची झाडं पराग सोडतात आणि दोन आठवडे साऱ्या गावावर पिवळी भुकटी बसते. गाडीच्या काचेवर, टपालपेटीवर, पोर्चमधल्या खुर्च्यांवर, शेजारच्या काळ्या कुत्र्याच्या पाठीवर. पाऊस पडला की रस्त्याच्या कडेनं तिचे ओघळ वाहतात. डोळे चुरचुरतात, घसा धरतो, लोक खिडक्या लावून अ‍ॅलर्जीच्या गोळ्या घेतात. मी मात्र नेमकी तेव्हाच खिडकी उघडायचो. ती भुकटी तळ्याच्या काठाला साय धरावी तशी साचली आणि डॉगवूडच्या झाडांना पांढरी फुलं आली, की बास मासा खोल पाणी सोडून काठाकडे सरकू लागतो. हे मला अनंतानं शिकवलं.

यंदाही सगळं पिवळं झालं. मी खिडकी उघडली नाही.

अनंत खांबेटे माझा मित्र. तो सांगलीचा, मी पुण्याचा. इथल्या दोन वेगवेगळ्या औषध कंपन्यांच्या प्रयोगशाळांत आम्ही आयुष्य काढलं आणि मागेपुढे निवृत्त झालो. गेल्या पानगळीत तो गेला. फेब्रुवारीत मला समीरचा फोन आला. समीर आमच्या मंडळाची स्मरणिका काढतो. पस्तिशीतला, उत्साही, भला मुलगा.

"काका, आपण ती फिशिंगची स्पर्धा परत स्टार्ट करतोय. अनंतकाकांच्या नावानं. आणि स्मरणिकेसाठी तुम्ही एक लेख द्या ना. स्प्रिंगमध्ये बाससाठी कुठलं सॉफ्ट प्लॅस्टिक निवडायचं, तसं काहीतरी. थोडं टेक्निकल, थोडं नॉस्टॅल्जिक. लाइट ठेवा हं. आणि ते गांडुळाचं नक्की टाका. इट्स लेजंडरी, यार!"

मी बरं म्हणालो. मग दीड महिना कागदाला हात लावला नाही.

तेव्हा हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे गेल्यावर मला मागे फिरता येणार नाही. ते गांडूळ अनंताचं नव्हतं. माझं होतं. अकरा वर्षं ही गोष्ट मला माहीत होती आणि अनंताला माहीत होती. तिसऱ्या कुणाला नाही.

आमची स्पर्धा म्हणजे काही मोठी भानगड नव्हती. गुढीपाडव्यानंतरच्या रविवारी सकाळी आम्ही आठ-दहा जण तळ्यावर जमत असू. घडीच्या खुर्च्या, थर्मासात चहा, डब्यात आदल्या दिवसाच्या पुरणपोळ्या. बहुतेक सगळे शाकाहारी. शाकाहारी माणसांनी मासे कशाला धरायचे, असं इथले शेजारी विचारत आणि आमच्या बायकाही विचारत. अनंतानं त्याचे नियम केले होते. मासा धरायचा, मापायचा, पाण्यात सोडायचा. गळाचा उलटा काटा पकडीनं आधीच चेपून टाकायचा, म्हणजे माशाचं तोंड फाटत नाही. आणि गळाला जिवंत काही लावायचं नाही. फक्त रबर. सॉफ्ट प्लॅस्टिक म्हणजे जेलीसारखं लिबलिबीत रबर, त्याचे किडे, पाली, खेकडे. दुकानात त्यांच्या पुड्या मिळतात. आमच्या त्या छोट्या गटात 'फक्त रबर' हा जवळजवळ धर्म होता. जिंकणाऱ्याला फेटा बांधायचा, फोटो काढायचा, संपलं.

हा धर्म अनंतानं मुख्यतः घरासाठी स्थापन केला होता. त्याची बायको, नलिनीवहिनी, मुंगीलाही कागदावर घेऊन बाहेर सोडणारी बाई. त्यांनी मासेमारीला परवानगी दिली ती माझ्यादेखत, त्यांच्या डायनिंग टेबलाशी, चहा गाळता गाळता.

"माशाला टोचतं ते टोचतंच ना?" वहिनी म्हणाल्या.

"टोचतं. पण तो परत जातो."

"आणि ते गांडूळ? ते कुठे परत जातं?"

"गांडूळ नाही, नलू. कधीच नाही. शब्द देतो."

वहिनींनी गाळणं आपटून चहाचा चोथा टाकला. "हे बघा भाऊजी, तुम्ही साक्षीदार," मला म्हणाल्या.

मी साक्षीदार होतो.

त्या घरात त्या वेळी फार हसणं होतं. एकदा अनंताच्या शर्टाच्या खिशात राहिलेली रबरी पाल वॉशिंग मशीनमधून फिरून वहिनींच्या अंगावर पडली. त्यांची किंकाळी मी ड्राइव्हवेत ऐकली.

"अहो! पाल पडली!"

"कुठल्या खांद्यावर?" अनंत आतून. "डाव्या-उजव्याचं फळ वेगळं असतं."

"तुमच्या डोक्यावर घालते, मग बघा काय फळ मिळतं ते!"

ती पाल त्यांनी चिमट्यात धरून कुंडीत टोचून ठेवली, तुळशीशेजारी. पुढची कित्येक वर्षं ती तिथे होती.

समीर, तू विचारलंस त्याचंही उत्तर देतो, कारण ते शिकवणं अनंताचं आहे आणि ते वाया जाऊ नये.

वसंतात रबर निवडायचं म्हणजे आधी पाण्यात हात घालायचा. पाणी अजून बोचरं गार असेल तर मासा सुस्त असतो. तेव्हा ज्याला हातपाय नाहीत, शेपूट वळवळत नाही, असं साधं काठीसारखं रबर घ्यायचं. ते टाकायचं आणि काही करायचं नाही. ते आडवं थरथरत तळाला बसतं. अनंत म्हणायचा, "तुझं काम संपलं. आता दम धर." मला तेच जमायचं नाही. पाणी कोमट झालं, मासे काठाच्या उथळात आले, की पाल. रबरी पाल हे वसंताचं खास रबर, कारण पाण्यातल्या पालीसारखे प्राणी माशांची अंडी खातात. नर बास वाळूत शेपटीनं ताटाएवढी गोल जागा साफ करतो, मादी अंडी घालून निघून जाते, आणि नर तिथे पहारा देतो. त्या दिवसांत तो काही खात नाही. पाल जवळ आली की तो तिला तोंडात धरतो, ती खायला नव्हे, तर उचलून बाहेर टाकायला. अनंत अशा पहाऱ्यावरच्या माशाला कधी गळ टाकत नसे. "त्याला पाच मिनिटं वर काढलं, तर तेवढ्यात बाकीचे मासे अंडी साफ करतात," म्हणायचा. दिसलं घरटं की पुढे चालायचं.

रंगाचं असं, की पाणी नितळ असेल तर शेवाळी हिरवा, काळ्या ठिपक्यांचा. इथे त्याला ग्रीन पम्पकिन म्हणतात. रात्री पाऊस होऊन तांबडी माती उतरली, पाणी चहासारखं झालं, तर काळं-निळं. गढूळ पाण्यात रंग दिसत नाही, आकृती दिसते, म्हणून काळं. आणि दोन वेगळ्या जातींचं रबर एका डब्यात ठेवू नये. काही जाती एकमेकींना लागल्या की विरघळतात, सकाळी डबा उघडावा तर नुसता चिकट गोळा. मी एकदा अनंताची नवी पुडी तशी घालवली होती. तो म्हणाला, "असू दे, शिकलास ना." बस्स, एवढंच.

त्याचं हे 'असू दे' मला टोचायचं. आठ वसंत आम्ही बरोबर मासे धरले आणि त्यातले सहा फेटे त्याचे. मला एकही नाही. तो मला दोर बांधून द्यायचा, जागा दाखवायचा, "इथे टाक, माझ्याआधी तू टाक," म्हणायचा. मी टाकायचो, काही लागायचं नाही. मग तो तिथेच टाकायचा आणि रॉड वाकायचा. त्यानं मला कधी एका शब्दानं खिजवलं असतं तर फार बरं झालं असतं. खिजवणाऱ्या माणसावर रागावता येतं. माझ्या चांगल्यासाठी झटणाऱ्या माणसाचा मी हेवा करत होतो, आणि त्याला काही नाव देता येत नव्हतं.

नवव्या वसंतात, पाडव्यानंतरच्या शनिवारी, मी पेट्रोल भरायला गॅस स्टेशनवर थांबलो. इथे गॅस स्टेशनच्या फ्रिजमध्ये दुधाच्या बाटल्यांच्या खालच्या फळीवर जिवंत गांडुळांचे पांढरे डबे ठेवलेले असतात. दर वर्षी दिसायचे. त्या दिवशी मी एक उचलला. काउंटरवरची बाई म्हणाली, "गुड लक, हनी." मी अंडंसुद्धा न खाणारा माणूस. डबा मी जाकिटाच्या आत धरून गाडीत आणला.

रबराचा एक प्रकार असतो, ट्यूब. बोटाएवढी पोकळ नळी, एका टोकाला झालरीसारखे धागे. शिसं लावलेला गळ तिच्या आत बसवतात. मी दुपारी गॅरेजचं दार लावून घेतलं आणि तीन काळ्या ट्यूबांत, गळाच्या शेजारी, अर्धं अर्धं गांडूळ कोंबलं. तुकडे नेलकटरनं केले. झालरीमुळे बाहेरून काही दिसत नव्हतं. हात तीनदा धुतले तरी बोटांना ओल्या मातीचा वास येत राहिला. शोभा, माझी बायको, आतून म्हणाली, "काय चाललंय हो एवढा वेळ?" मी म्हणालो, "उद्याची तयारी."

सगळ्या गोष्टींमधली ही एकच मला कधी विनोदी वाटली नाही: दार लावलेलं गॅरेज आणि ते नेलकटर.

रविवारी पाणी गढूळ होतं. रात्रभर पडून पहाटे थांबलेला पाऊस. अनंतानं नितळ पाण्याच्या अंदाजानं हिरव्या पालींची एकच पुडी आणली होती. हाही त्याचाच नियम, एका माणसाला एकच पुडी. कमी पडलं तर एकमेकांचं घ्यायला मुभा होती. दोन तास कुणालाच काही लागलं नाही. माझ्या भरलेल्या ट्यूबलाही नाही, हे इथे नोंदवून ठेवतो. मग मी थर्मास आणायला वर गाडीकडे निघालो. चढण अर्धी चढलो असेन, तेवढ्यात खालून त्याचा आवाज आला.

"शिऱ्या, तुझी एक काळी ट्यूब घेतो रे!"

"घे!" मी ओरडलो.

तोंडातून शब्द गेला आणि मग आठवलं. एक माझ्या दोरीला होती. उरलेल्या दोन मी सकाळी खिशातून काढून डब्याच्या झाकणात, सगळ्यात वर ठेवल्या होत्या. गळासकट तयार. घाईत कुणीही त्याच उचलेल.

मी वळलो. चिखलात तांबडी माती बुटाला चिकटत होती. मला ओरडता आलं असतं. "थांब, ती नको, दुसरी घे," एवढं पुरे होतं. पण ती का नको, हे त्यानं विचारलं असतं, आणि सगळे ऐकत होते. मी नुसता उतरत राहिलो. त्यानं दोर बांधला. दातानं टोक तोडलं. चष्मा कपाळावर होता, त्यानं तो खालीसुद्धा घेतला नाही. टाकलं. पाण्यात पडल्याचा आवाज मला ऐकू आला. मी मनात म्हणत होतो, लागू नये, लागू नये. आयुष्यात मी कधी कुणाचा मासा चुकावा म्हणून प्रार्थना केली नव्हती. हेवा करतानाही नाही.

रॉड वाकला.

"आला रे आला! अनंतराव, सोडू नका बे!" बोबडे ओरडला. सुधीर बोबडे नागपूरचा, आमच्यातला सगळ्यात बोलका. सगळे धावत आले, फोन बाहेर निघाले. मासा मोठा होता, अंड्यांनी पोट फुगलेली मादी. अनंतानं गुडघाभर पाण्यात उतरून तिचा खालचा ओठ अंगठ्यानं धरला आणि तिला वर उचललं. तोंडाच्या कोपऱ्यात काळी ट्यूब होती, आणि झालरीतून बोटभर लांब, गुलाबी, हलणारं काहीतरी लोंबत होतं.

तळ्याच्या पलीकडे एक मोटारबोट सुरू झाली आणि लांब गेली.

"काय हो अनंतराव," बोबडे म्हणाला, "हे गांडूळ शाकाहारी हाय का?"

हशा झाला. पहिला हशा खरा होता. मग तो विरला आणि लोक अनंताकडे बघू लागले, कारण नियम त्याचा होता.

अनंतानं आधी मासा सोडला. पोटात अंडी असलेल्या मादीला पाण्याबाहेर फार वेळ धरायचं नाही, हे तो तेव्हाही विसरला नाही. तिला पाण्यात धरून, कल्ले हलू लागेपर्यंत पुढे-मागे केलं, मग हात उघडला. नंतर सरळ उभा राहून त्यानं माझ्याकडे पाहिलं. किती वेळ, ते सांगता येणार नाही. माझ्या हातात थर्मास नव्हता, काहीच नव्हतं. मी त्याच्या नजरेला नजर दिली आणि गप्प राहिलो.

"रॉड माझा, दोर माझा," तो बाकीच्यांना म्हणाला. "बघून बांधायला हवं होतं. चूक माझी."

ट्यूब माझी, हे त्या आरडाओरड्यात कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं; सगळ्यांनी याचा अर्थ जो घ्यायचा तो घेतला.

आम्ही माझ्या गाडीतून आलो होतो. परत जाताना वायपरनं काचेवरचा पिवळा चिखल सारत होतो आणि तो अजूनच पसरत होता. त्याच्या घरासमोर गाडी थांबवली. त्यानं दार उघडलं, एक पाय खाली टाकला आणि तसाच बसून राहिला.

"श्री, नलूला मी काय सांगू?"

त्यानं मला आयुष्यभर शिऱ्या म्हटलं. श्री तेवढ्याच वेळी. तो मला दार उघडून देत होता. आत येऊन मी वहिनींसमोर एक वाक्य बोललो असतो तर पाच मिनिटांत संपलं असतं. वहिनी रागावल्या असत्या, आठवडाभर चहा मिळाला नसता.

मी म्हणालो, "काही सांगू नकोस. विसरतील रे सगळे."

त्यानं मान हलवली. रॉड घेतला. गेला.

कुणी विसरलं नाही. पुढच्या शनिवारी मंडळाच्या कार्यक्रमात बोबडेनं माइकवर ते सांगितलं, अगदी प्रेमानं, रंगवून. वहिनींना तिथे कळलं. त्या पहिल्या रांगेत होत्या. अनंत पुन्हा तळ्यावर आला नाही. "गुडघा दुखतो," म्हणायचा. दोन वर्षांत स्पर्धा बंद पडली. गोष्ट राहिली. गणपतीत, दिवाळी पार्टीत, कुणाच्या रिटायरमेंटला, "अनंतकाका, पनीरबरोबर गांडूळ देऊ का?" तो हसायचा. मी बहुतेक वेळा तिथे असायचो. आम्ही भेटत राहिलो, पत्ते खेळलो, माझ्या बायपासच्या वेळी तो रोज हॉस्पिटलात आला. त्या दिवसाचा विषय त्यानं एकदाही काढला नाही. मला वाटायचं, तो विसरला. खरं म्हणजे मला तसं वाटून घ्यायचं होतं.

त्याच्या शोकसभेतही ती गोष्ट निघाली. रडून झाल्यावर लोकांना हसायला काहीतरी हवं असतं. सगळे हसले. वहिनी गालिच्याकडे बघत होत्या. मीही हसलो. हे लिहिताना हात थांबतो आहे, पण खरं आहे. मीही हसलो.

मार्चच्या शेवटी समीरनं व्हॉट्सअ‍ॅपवर टी-शर्टचं चित्र पाठवलं. हिरवा शर्ट, छातीवर अनंताचं नाव आणि त्या नावाला विळखा घालून हसणारं एक गुलाबी गांडूळ. 'काका, हाऊ इज इट? चाळीस शर्ट ऑर्डर करतोय. आज रात्रीपर्यंत ओके सांगा.'

मी तो फोन स्वयंपाकघरात शोभासमोर धरला आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ती ओट्याला टेकून ऐकत राहिली. "आणि मी त्या बोबड्यांच्या जोकला टाळ्या वाजवत होते," एवढंच म्हणाली. मग म्हणाली, "आत्ता जा. फोनवर नको."

वहिनी मेथी निवडत होत्या. परागामुळे खिडक्या लावलेल्या, घरात कोंदट. कुंडीत तुळस होती. रबरी पाल नव्हती. कधी काढली, मला कळलं नव्हतं.

"या भाऊजी. शोभा नाही आली?"

मी बसलो नाही. गॅस स्टेशनपासून सुरुवात केली आणि त्यांच्याच दारातल्या गाडीपर्यंत आलो. "नलूला मी काय सांगू" हेही सांगितलं. मला ते गाळायचं होतं. चालता चालता ठरवलं होतं की ते गाळायचं. पण त्यांच्या समोर गाळता आलं नाही.

वहिनींचे हात थांबले नव्हते. पानं एकीकडे, देठ एकीकडे.

"त्या दिवशी हे घरी आले," त्या म्हणाल्या, "आणि पाय धुऊन देवासमोर बसले. नंतर मला कळलं तेव्हा वाटलं, पाप करून आले म्हणून बसले."

"वहिनी, तुम्ही त्याला विचारलं नाहीत?"

"नाही. विचारायचं काय? माइकवर ऐकलं होतं." त्यांनी एक जुडी संपवली, दुसरी सोडली. "मी भांडले असते तर बरं. मी भांडले नाही. फक्त त्यानंतर ह्यांनी काही सांगितलं की मी दुसऱ्याला विचारून खात्री करायची. डॉक्टर काय म्हणाले? हे म्हणायचे, सगळं ठीक. मी गुपचूप डॉक्टरांना फोन करायची. ह्यांना माहीत होतं. शेवटी हॉस्पिटलात म्हणाले, 'नलू, दुखत नाहीये गं, बस जरा.' मी नर्सला बोलवायला बाहेर गेले. हे हसले. म्हणाले, 'जा जा, तू विचारून ये.' मी येईपर्यंत शुद्ध गेली होती."

फ्रिजचा आवाज सुरू होता. मला वाटत होतं की मी काहीतरी बोलायला हवं, आणि जे जे सुचत होतं ते सगळं माझ्यासाठी होतं.

"माफी मागायला आलात?"

"शर्ट छापायच्या आधी सांगायला आलो."

"कसला शर्ट?"

मी फोन दाखवला. त्यांनी चष्मा लावून ते चित्र नीट पाहिलं, बोटांनी मोठं करून पाहिलं.

"हे ह्यांच्या नावावरून काढायला सांगा. आज. आणि त्या लोकांना रविवारी तळ्यावर तुम्ही स्वतः सांगायचं. लिहून नाही, तोंडानं. मी येणार आहे. आमच्या केतकीला अ‍ॅशबर्नहून बोलावून घेते. मला सगळ्यांची तोंडं बघायची आहेत."

समीर फोनवर म्हणाला, "काका, आर यू शुअर? म्हणजे... आता एवढ्या वर्षांनी, काय फरक पडतो?" मी म्हणालो, शर्ट थांबव. तो थांबला.

रविवारी आकाश स्वच्छ होतं, पाणी नितळ. जुने पाच-सहा, बाकी नवे, त्यांची मुलं, एकूण चाळीसेक माणसं. हिरवे कोरे शर्ट, फक्त अनंताचं नाव. मी उभा राहिलो. कागद नेला नव्हता. मराठीत सांगितलं, चार-पाच वाक्यांत. माझा आवाज मला लांबून येत होता. मग केतकीकडे, अनंताच्या मुलीकडे बघून इंग्रजीत सांगितलं, कारण मराठी न कळलेली मुलं सगळी तिच्याकडे बघत होती.

"सो ही डिडन्ट डू इट," केतकी म्हणाली.

"नो. आय डिड."

"वी टीज्ड हिम," ती म्हणाली. "एव्हरी थँक्सगिव्हिंग. काका, ही जस्ट लेट अस." आणि ती गाडीकडे चालत गेली.

बोबडे पुढे आला. माझ्याकडे नाही, वहिनींकडे. त्याची टोपी हातात होती. इतक्या वर्षांत मी त्याला शब्द सापडला नाही असं कधी पाहिलं नव्हतं. "वहिनी, मी तर... मी तर सगळ्यांना हसवाले..." म्हणाला, आणि तिथेच अडकला. वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं, मग बाकीच्यांकडे, एकेक तोंड, सावकाश. ज्यासाठी त्या आल्या होत्या ते बघून झाल्यावर त्यांना काही मिळाल्यासारखं दिसलं नाही.

"हे कुठे उभे होते?" त्यांनी मला विचारलं.

मी दाखवलं. पडलेल्या ओकच्या खोडापलीकडे, जिथे वाळू पाण्यात उतरते. त्या निघाल्या. पांढऱ्या बुटांना तांबडी माती लागली. मी मागे चाललो. काठाशी उथळात एक गोल, स्वच्छ जागा होती आणि तिच्यावर एक मासा एकाच ठिकाणी कल्ले हलवत उभा होता. वहिनींना तो दिसला की नाही, माहीत नाही. मी बोट दाखवलं नाही.

"वहिनी, मला..."

त्यांनी हात वर केला. "माफ केलं, असं मी म्हणणार नाही भाऊजी. नाही केलं, असंही नाही. ते ह्यांनी म्हणायचं होतं. तेवढा वेळ तुम्ही ह्यांना दिला नाहीत."

मग त्या पाण्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मागे माणसं हळूहळू बोलू लागली, कुणीतरी चहा ओतला, एक लहान मूल कशासाठी तरी हट्ट करू लागलं. वहिनींनी मला जा म्हटलं नाही, थांबा म्हटलं नाही. मी दहा पावलं मागे उभा राहिलो.